झाझोर म्हणजे फट

तेकलाने जावा आणली टेम्पोतून, आडवी,
बाजारातून बकरी आणावी तशी दोरीने बांधून.
शहात्तर सालची. तेकलाच्या दुपटीहून मोठी.
"पहिलीच गाडी," ती म्हणाली, "आणि पुस्तक नाही."

पुस्तक शोधत ती झेस्तापोनीला गेली,
मग कुताइसीच्या जुन्या बाजारात, जिथे
पदकं, चमचे आणि फोनचे चार्जर
एकाच चादरीवर मांडतात.
एकाने चेक भाषेतलं दिलं, एकाने ट्रॅक्टरचं.
एक म्हातारा म्हणाला, पुस्तक कशाला, मी आहे ना,
आणि कार्बुरेटर उलटा बसवून दिला.

शेवटी ते सापडलं इथेच, चियातुरात,
रोपवेने जावं लागतं त्या वरच्या वस्तीत,
खाणीतल्या अमिरानच्या विधवेकडे.
अमिरानची गाडी कधीच भंगारात गेली होती.
पुस्तक होतं लोणच्याच्या बरणीखाली,
बरणी डुलू नये म्हणून.
नानुलीने पैसे घेतले नाहीत.
लाकडाचा तुकडा मागितला, त्याच जाडीचा.

आणि पुस्तक निघालं रशियन.

म्हणून रविवारी तेकला जिना चढून माझ्याकडे.
एकोणीस वर्षं शिकवली मी ही भाषा.
मग एका उन्हाळ्यानंतर वर्ग रिकामा झाला
आणि मला भूगोल दिला,
ज्याच्या सीमा त्या वर्षी रोज बदलत होत्या.
तेव्हापासून रशियन मी वाचते ती औषधाच्या खोक्यांवर.

मला यंत्रातलं काही कळत नाही,
तिला त्या अक्षरांतलं.
अंगणात बसलो, मी खुर्चीवर, ती विटेवर.

कविता शिकवल्या मी, विभक्ती शिकवल्या,
षष्ठीसाठी मुलांना उन्हात उभं केलं,
पण 'झाझोर' हा शब्द फळ्यावर कधी लिहिला नाही.
वाचलं: संपर्कांमधला झाझोर
शून्य पूर्णांक चार मिलिमीटर.
"म्हणजे काय?"
शब्दकोश आणला, त्यावरची धूळ तिने फुंकली.
म्हणजे फट.
"आणि नसली तर?"
पुढच्याच ओळीत होतं: नसली तर ठिणगी नाही.

समासात अमिरानची पेन्सिल, आपल्या जॉर्जियनमध्ये:
'इथे पुस्तकावर विश्वास ठेवू नये.'
'हा नट उलट्या आट्यांचा. रडलो.'
एका पानावर नुसती तारीख, आणि
'नानुली मागे बसली. ब्रेक चांगले आहेत.'
ते तेकला वाचायची. छापलेलं मी, लिहिलेलं ती.
मध्येच दोघी एकदम बोलायचो.

फट मोजायला पातं नव्हतं.
काडेपेटीचा पुठ्ठा जाड, वहीचा कागद पातळ.
मी आत गेले, ड्रॉवर उपसला,
वाचनालयाचं कार्ड आणलं, त्र्याऐंशी सालचं,
फोटोत माझे केस अजून काळे.
बरोब्बर बसलं.
"लामाराबाई, तुम्ही शून्य पूर्णांक चार आहात!"
मी म्हटलं, कार्डाला ग्रीस लावू नकोस.
लावलंच.

पानं एक्केचाळीस ते अठ्ठेचाळीस नाहीत.
वायरिंग त्यातच असणार.
नानुलीला विचारायला तेकला पुन्हा वर जाऊन आली.
निम्मी त्याने चूल पेटवायला घेतली असतील, ती म्हणाली,
उरलेली मी. रागात. आता कशाचा ते विचारू नकोस.

गाडी अजून सुरू होत नाही.
लाथ मारली की एकदा खोकते,
आणि तिसऱ्या मजल्यावरचा सोसो खिडकी लावून घेतो.

काल संध्याकाळी तेकला वही घेऊन आली, नवी, चौकटीची.
"मला ही भाषा नको," दारातच म्हणाली,
"फक्त पान एकोणपन्नास."
पान एकोणपन्नास: साखळी, तिचा ताण, तिची निगा.
मी खुर्ची दिव्याखाली सरकवली
आणि चष्मा पुसायला घेतला,
तिच्या बाहीने, कारण तेवढाच भाग स्वच्छ होता.